जपून ठेवू नका मला

मित्रांनो, मी जुना आहे, कमरेपर्यंतच आहे आणि मार खाणं हेच माझं काम आहे. यातलं काहीही सांगताना मला लाज वाटत नाही. मला हात नाहीत, पाय नाहीत. डोकं आहे, मान आहे, छाती आहे आणि छातीच्या आत एक पोलादी स्प्रिंग आहे. कुणी माझ्या छातीच्या मधोमध तळवे ठेवून पुरेसं खोल दाबलं, की ती स्प्रिंग 'टक्' म्हणते. वरवर दाबलं तर गप्प बसते. दाबणारा कितीही मोठा माणूस असो, खोटं 'टक्' मी आजवर कुणाला दिलेलं नाही आणि देणारही नाही.

माझं काम काय, ते आधी समजून घ्या. माणसाचं हृदय कधी कधी अचानक बंद पडतं. माणूस कोसळतो. हाकेला ओ देत नाही, नीट श्वास घेत नाही. दवाखान्याची गाडी येईपर्यंत कुणीतरी त्याची छाती जोरानं आणि भराभर दाबत राहावं लागतं. हृदय थांबलेलं असतं, म्हणून त्याचं काम बाहेरून आपले हात करतात आणि रक्त मेंदूपर्यंत पोचवत राहतात. हे शिकायचं कुणाच्या अंगावर? धडधाकट माणसाची छाती अशी दाबली तर त्याला इजा होईल. म्हणून मला, या रबरी पुतळ्याला, घडवलं. तुमच्या शेजाऱ्याच्या, मास्तरांच्या, बाबांच्या वाटचं दाबणं आधी माझ्या छातीवर व्हावं, यासाठी माझा जन्म आहे.

दूरच्या एका कारखान्यात मला साच्यातून काढलं. चेहरा बसवणाऱ्या कारागिरानं माझे डोळे अर्धवट मिटलेले आणि तोंड किंचित उघडं ठेवलं. फुप्फुसांच्या जागी प्लास्टिकची पिशवी घातली. शेवटी एका बाईंनी स्प्रिंग बसवली, दोन्ही हातांनी दाबून पाहिली आणि 'टक्' ऐकून म्हणाल्या, "झाला तयार." ते माझ्या आयुष्यातलं पहिलं कौतुक. दुसऱ्यासाठी मला फार वाट पाहावी लागली.

मी यवतमाळ जिल्ह्यात, दिग्रसकडच्या एका लहान दवाखान्यात येऊन पोचलो. सुरुवातीला एक प्रशिक्षण झालं. डॉक्टर शिकले, परिचारिका शिकल्या. त्यांच्यात साधना सिस्टर होत्या. त्यांनी दाबलं आणि माझं 'टक्' असं खणखणीत निघालं, की मला वाटलं, आता आपलं आयुष्य मार्गी लागलं. दुसऱ्या दिवशी मला पुसलं, पावडर लावली, पारदर्शक पिशवीत गुंडाळलं आणि लोखंडी कपाटात ठेवलं. कुलूप लागलं.

किल्ली यज्ञेश्वरकाकांकडे होती. ते दवाखान्याचं सामान सांभाळत. काका वाईट नव्हते, हे मी आधीच सांगतो. त्यांच्या हाताखाली एक चमचासुद्धा हरवत नसे. कापडाच्या घड्या ते पट्टी ठेवल्यासारख्या सरळ करत. माझ्यावर त्यांचा जीव होता, आणि तोच तर त्रास होता.

साधना सिस्टर अधूनमधून येत. "काका, जरा चावी देता का? त्या मूर्तीचं काम होतं."

"कशाला?"

"गावात नेऊन लोकांना शिकवते."

"सिस्टर, गावातली माणसं कशी दाबतील, सांगता येतं का? नवीकोरी वस्तू आहे. तुटली म्हणजे?"

आतून मी ओरडत होतो, तुटू दे! पण ज्याला दाबल्याशिवाय आवाज नाही, त्याचं ओरडणं कोण ऐकणार?

वर्षातून एकदा कार्यक्रमासाठी मला बाहेर काढत. हार, फलक, फोटो. एका वर्षी एक पाहुणे आले. खूप गोड बोलले. मग कॅमेऱ्याकडे बघत त्यांनी माझ्या छातीवर दोन बोटं ठेवली, जशी आपण पिकलेल्या आंब्यावर ठेवतो.

"आवाज येतो म्हणत होते ना? आला नाही," पाहुणे म्हणाले.

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. काकांच्या कपाळाला घाम फुटला. मी मात्र गप्प राहिलो. मित्रांनो, त्या दिवशी हार माझ्याही गळ्यात होता, पण हारासाठी मी 'टक्' म्हटलं नाही. पुन्हा कपाटात गेलो, ताठ मानेनं गेलो.

मग एका बाजाराच्या दिवशी एक गोष्ट घडली. आठवडी बाजारात भाजी घेता घेता एक गृहस्थ कोसळले. माणसं धावली, गोल करून उभी राहिली. कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी त्यांच्या उघड्या तोंडात पाणी ओतलं, कुणी मिरगी समजून नाकाला चप्पल लावली. वाईट कुणीच नव्हतं. प्रत्येकाला काहीतरी करायचं होतं. पण छातीवर हात कुणी ठेवला नाही आणि ते गृहस्थ गेले.

दुसऱ्या दिवशी साधना सिस्टर पुन्हा कपाटासमोर आल्या. या वेळी काकांनी 'कशाला' विचारलं नाही. बराच वेळ ते किल्ल्यांचा जुडगा हातात धरून उभे होते.

"मीही होतो तिथं," ते हळू आवाजात म्हणाले. "पाण्याचा तांब्या मीच आणला होता."

आणि त्यांनी कपाट उघडलं. माझ्यावरची पिशवी स्वतःच्या हातानं फाडली.

दवाखान्याबाहेरचा माझा पहिला प्रवास एसटीनं झाला. सिस्टरांनी मला चादरीत गुंडाळून खिडकीशी बसवलं. चादर घसरली आणि मागच्या सीटवरच्या आजीबाईंनी किंकाळी फोडली. कंडक्टर लखीरामभाऊ धावत आले. त्यांनी मला वरून खाली पाहिलं, खाली मी नव्हतोच.

"सिस्टर, याचं तिकीट?"

"भाऊ, अर्धाच तं हाय. अर्धं फाडा."

"अर्धं लेकराले असते. हा तं बाप्या माणूस दिसते." त्यांनी माझ्या गालावर टिचकी मारली. "जाऊ द्या. कमरेखाली बसलाच नाही तं सीट कायची?"

सगळी गाडी हसली. कपाटात इतकी वर्षं काढलेल्याला त्या हसण्याचं मोल विचारा.

आम्ही गेलो ते एका जिनिंगमध्ये. शेतातून आलेला कापूस यंत्रात घालून सरकी वेगळी करतात आणि रुई वेगळी, तो हा कारखाना. हंगाम होता. अंगणात कापसाच्या पांढऱ्या गंज्या घराएवढ्या उंच रचलेल्या. फाटकाशी वजनकाट्यासमोर गाड्यांची रांग. बायकांच्या विसाव्याच्या शेडमध्ये सिस्टरांनी ताडपत्री टाकली आणि मला उताणं झोपवलं. कापसातली घाण वेचणाऱ्या बाया जमल्या आणि चार हात लांबच थांबल्या.

"घाबरू नका वं बायाहो," सिस्टर म्हणाल्या. "हा मेलेला नाही अन् जित्ताही नाही. रबराचा हाय."

"मंग याले पाय काहून नाहीत?" बंजाऱ्यांच्या तांड्यावरून कामाला येणाऱ्या जमनीबाईंनी विचारलं.

"शिकवून घ्याच्या आंधी पळून जाईन म्हणून," सिस्टर म्हणाल्या.

जमनीबाई जवळ आल्या, वाकून माझं तोंड पाहिलं आणि झटकन डोक्यावर पदर ओढला. "याडी वं, माय वं! हा तं माह्या भासऱ्यावानी दिसते! तेच नाक, तेच रुसलेलं तोंड!"

शेडभर हसू फुटलं. एकीमागून एक सगळ्यांनी माझ्यासमोर खोटे खोटे पदर घेतले. त्या दिवसापासून माझं नाव पडलं भासरे.

बाहेरगावच्या मित्रांसाठी सांगतो. आमच्याकडे नवऱ्याच्या मोठ्या भावाला भासरे म्हणतात. पुष्कळ घरांत अजूनही रीत आहे, की धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही आणि त्यांच्या अंगाला आपला हात लागू द्यायचा नाही. चहा द्यायचा तर कप खाली ठेवून बाजूला व्हायचं. वाद नाही, राग नाही. फक्त मधे एक न दिसणारी भिंत.

सगळ्या हसत होत्या, पण एकजण हसली नाही. तिचं नाव नलू. लग्न होऊन ती या घरात आली त्याला फार काळ झाला नव्हता. तिचा नवरा राजदीप इथेच काट्यावर हमाली करी आणि तिचे खरे भासरे, भीमराजभाऊ, याच जिनिंगचे फिटर होते. यंत्र अडलं की सगळे त्यांनाच हाका मारत. नलूनं मात्र त्यांना कधीच हाक मारली नव्हती. एका घरात राहून दोघांत आजवर एका शब्दाचं बोलणं झालं नव्हतं.

सिस्टरांनी समजावून सांगितलं. पडलेल्या माणसाचे खांदे हलवायचे, मोठ्यानं हाक मारायची. ओ नाही, नीट श्वास नाही, तर कुणालातरी १०८ ला फोन करायला सांगायचं आणि लगेच दाबायला लागायचं. घशातून घरघर येते, तोंड माशासारखं उघडतं आणि मिटतं, तो श्वास नव्हे. त्यावर फसायचं नाही. तळव्याचा बुडखा छातीच्या मधल्या हाडावर, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. दोन इंच खोल. एका सेकंदात जवळजवळ दोनदा.

नलूची पाळी आली. तिनं पदर कपाळापर्यंत ओढला, नजर दुसरीकडे केली आणि बोटांची टोकं माझ्या छातीला टेकवली. मी गप्प.

"भासरे बोलत नाहीत वं तुह्यासंगं!" जमनीबाई ओरडल्या.

पुन्हा हसू. नलूचे कान लाल झाले. ती उठून गेली. मला वाईट वाटलं, पण मित्रांनो, मी नियम मोडला नाही. दयेपोटी दिलेलं 'टक्' पुढे कुणाच्या तरी जिवावर बेततं.

दुपारी सगळ्या भाकर खायला बसल्या तेव्हा नलू एकटीच माझ्यापाशी येऊन बसली. ओठ घट्ट मिटलेले. या वेळी तिनं तळवे ठेवले आणि सगळा भार टाकला. टक्! तिचे डोळे मोठे झाले. ती दाबत राहिली. पण दुसरा आवाज येईना.

सिस्टर दारातून पाहत होत्या. "नलू, तू कापूस दाबून राह्यली."

खरंच होतं ते. लहानपणापासून नलूनं वेचलेला कापूस गाठोड्यात दाबला होता. तिथे दाबलं की हात उचलायचा नसतो. उचलला की कापूस फुगून वर येतो आणि गाठोडं बांधता येत नाही. हाताला तीच सवय. आमच्या जिल्ह्यातल्या किती हातांना ती आहे, ते मी माझ्या छातीवर मोजलं आहे.

"कापसाले उठू द्याचं नसते," सिस्टर म्हणाल्या. "पण छातीले उठू द्याच लागते. ती वर आली तवाच रगत आत भरते. भरलंच नाही तं दाबून काय बाहेर जाईन? हात ठेव, पण भार उचल. दर खेपेला."

नलूनं पुन्हा सुरू केलं. दाब, सोड. दाब, सोड. टक्, टक्, टक्, टक्.

तिकडे जमनीबाई हातातली भाकर तशीच ठेवून उभ्या राहिल्या. "बोलले वं! भासरे बोलले!"

नलू हसली. घामानं डबडबली होती आणि पदर केव्हाच खांद्यावर घसरला होता.

संध्याकाळी सिस्टरांनी काकांना फोन केला. "काका, याले इथंच ठेवू का? बाया येताजाता सराव करतील."

पलीकडून काका म्हणाले, "आणि तुटला तर?"

"मी सांगेन वर. माझी जबाबदारी."

"नाही सिस्टर. तुम्ही शिकवा. सांगायची वेळ आली तर मी सांगेन."

असा मी जिनिंगमध्ये राहिलो. माझ्या नाकात रुईचे तंतू गेले, अंग काळवंडलं, गालावर चहाचा डाग पडला. आणि मी कधी नव्हे इतका आनंदात होतो. बाया येत, भासऱ्यांना दोन ठोसे देत आणि कामाला जात. हमालही येऊ लागले. कुणाचं मालकाशी भांडण झालं, की तो रागसुद्धा माझ्यावरच निघे. पण कोपरं ताठ ठेवून!

मग तो दिवस आला. दुपार होती. शेडचं दार उघडं होतं आणि माझी ताडपत्री दाराशीच होती, म्हणून मी हे सगळं पाहिलं. भीमराजभाऊ हातात पाना घेऊन यंत्राकडून काट्याकडे चालले होते. मधेच थांबले. पाना हातातून गळला. मग ते स्वतः कोसळले.

"पडला! पडला! भीमराज पडला!"

यंत्रं थांबली. माणसं धावली आणि अगदी तसाच गोल झाला, जसा बाजारात झाला असेल. राजदीप भावाचे पाय धरून बसला.

"पानी आना रे!"

"कांदा फोडून नाकाले लावा!"

"श्वास चालू हाय ना बावा, घरघर होऊन राह्यली. काही नाही, चक्कर असन. येईन शुद्धीवर."

शेडमधून नलू धावली. गर्दीत शिरली आणि भीमराजभाऊंच्या पायाशी थबकली. उजव्या हातानं डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी तेवढा लांब क्षण पाहिला नाही. माझ्याजवळ आवाज असता तर मी ओरडलो असतो. पण मला जे सांगायचं होतं, ते मी तिच्या हातांत आधीच घालून ठेवलं होतं.

तिनं पदर सोडला. गुडघे टेकले. दोन्ही हातांनी भासऱ्यांचे खांदे धरून गदागदा हलवले आणि ज्या माणसाशी ती आजवर एक शब्द बोलली नव्हती, त्याच्या कानाशी ओरडली,

"दादा! ओ दादा! आयकून राह्यले का?"

उत्तर नाही. फक्त ती घरघर.

"हा श्वास नोहे! जमनीबाई, १०८! फोन लावा!" आणि तिनं छातीवर तळवे ठेवले.

"अवं नलू!" गर्दीतून एक म्हातारे ओरडले. "भासरे हायत ते तुये! हो बाजूले! काही रीत हाय का नाही?"

नलूनं मान वर केली नाही. तिचे हात चालू झाले होते. दाब, सोड. दाब, सोड.

"रीत पाळू," ती दाबता दाबताच म्हणाली, "पहिले मानूस तं ऱ्हाऊ द्या!"

पाण्याचा तांब्या घेऊन आलेल्याला जमनीबाईंनी एका हातानं अडवलं. दुसऱ्या हातात फोन होता. "हो, जिनिंगमंदी! मोठ्या फाटकातून या! हो, दाबून राह्यलो आमी!" मग त्या तांब्यावाल्याला म्हणाल्या, "ते पानी तू पे अन् फाटकावर जाऊन उभा राह्य, गाडीले वाट दाखव!"

तेवढ्यात 'कट्' असा आवाज झाला. तो माझ्या स्प्रिंगचा नव्हता. बरगडीचा होता. नलूचा चेहरा पांढरा पडला. हात थांबले.

"थांबू नको!" जमनीबाई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. "सिस्टर काय म्हने? हाड जुळते वं, जीव नाही जुळत. दाब! थकली का सांग, मी घेतो!"

नलू थकली तेव्हा जमनीबाईंनी घेतलं, त्या थकल्या तेव्हा पुन्हा नलूनं. मधेच राजदीप उठला, डोळे पुसले आणि बायकोसमोर बसला. "मले दे. म्यापण शिकलो हाय." आणि मग गोलातली माणसं आपोआप मागे सरकली. जे आधी 'रीत' म्हणत होते, ते म्हातारे बाबा मोठ्यानं आकडे मोजू लागले.

गाडी आली. डॉक्टरांनी भीमराजभाऊंच्या छातीला पट्ट्या लावल्या, विजेचा झटका दिला, पुन्हा दाबलं, पुन्हा झटका दिला. मग मनगटाशी बोटं धरून ते म्हणाले, "लागतेय नाडी." आणि गाडी यवतमाळच्या रस्त्याला लागली. नलू अंगणातच बसून राहिली. तिचे दोन्ही तळवे उताणे मांडीवर पडले होते.

कितीतरी दिवसांनी भीमराजभाऊ जिनिंगमध्ये आले. वाळले होते, छातीला हात लावून हळूहळू चालत होते. थेट शेडमध्ये आले. बाया उठून उभ्या राहिल्या. नलूनं सवयीनं पदर घेतला.

"माह्या दोन बरगड्या कोनं तोडल्या?" त्यांनी आवाज चढवून विचारलं.

बाया नलूकडे पाहू लागल्या.

"म्या," नलू म्हणाली.

"बरं केलं." ते माझ्या ताडपत्रीच्या कडेला टेकले. "अन् हे पदराचं काय हाय वं तुयं? मी कधी म्हनलं होतं?"

"आत्याबाईनं, तुमच्या मायनं, सांगतलं होतं. लग्न झाल्यावर."

"असं हाय का? मले वाटे तुले उनाचा तरास हाय!"

जमनीबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. नलूपण हसली. पदर डोक्यावर ठेवायचा की नाही, हे त्या दिवसापासून तिनं ऊन पाहून ठरवलं. मग भीमराजभाऊंनी माझ्या छातीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "तुमी माह्या जागी लय मार खाल्ला, भासरे."

मित्रांनो, मी सांगितलं होतं ना, दुसऱ्या कौतुकासाठी मला फार वाट पाहावी लागली? ते हे.

आता सगळ्या गावालाच शिकायचं होतं. हमालांची रांग लागली. आणि एका दुपारी कापसाच्या गाठी उचलणाऱ्या एकाच्या जबर हातांखाली माझी स्प्रिंग तुटली. 'टक्' बंद झालं.

नेमके त्याच आठवड्यात वरून तपासणीला साहेब आले. माझं झिजलेलं नाक, गालावरचा डाग, छातीवरची चीर पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "दवाखान्याची वस्तू जिनिंगमध्ये? ही अवस्था कुणी केली? हा आता भंगारात काढावा लागेल. जबाबदार कोण?"

साधना सिस्टर पुढे आल्या. पण त्यांच्या आधी साहेबांसोबत आलेले यज्ञेश्वरकाका बोलले. त्यांच्या हातात तो किल्ल्यांचा जुडगा होता.

"मी जबाबदार, साहेब. कपाटात होता तेव्हा हा नवा होता आणि कुणाच्याच कामाचा नव्हता. हा तुटला नाही, साहेब. हा वापरला गेला."

साहेबांनी माझ्या छातीवरची चीर पुन्हा पाहिली. मग म्हणाले, "ते मान्य. पण आवाज येत नसेल तर शिकणाऱ्याला कळणार कसं, की दाब पुरेसा झाला?"

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर दारात उभं होतं. भीमराजभाऊंनी आपल्या पेटीतून स्प्रिंगा काढल्या. एक लावून पाहिली, फार मऊ. दुसरी, फार कडक. सिस्टरांनी दर खेपेला पट्टी लावून खोली मोजली. शेवटी एक नेमकी बसली. ज्या छातीनं त्यांना वाचवायला शिकवलं, तिची स्प्रिंग त्यांनी स्वतःच्या हातानं बसवली.

"बघू," असं म्हणत साहेबांनी गुडघे टेकले आणि दाबलं. मी गप्प राहिलो.

"साहेब, अजून जरा," नलू म्हणाली. "कोपरं सरळ. अन् भार उचला मधात."

साहेबांनी पुन्हा दाबलं. टक्! मला भंगारात काढण्याचा विषय तिथेच संपला.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवणार नाही, कारण मी खोटं 'टक्' देत नाही. दाबलेलं प्रत्येक हृदय परत चालू होतं असं नाही. ढाणकीच्या एका मुलीनं, पायलनं, माझ्यावर शिकून आपल्या आजोबांची छाती गाडी येईपर्यंत दाबली. आजोबा गेले. ती माझ्याजवळ येऊन रडली. तेव्हा साधना सिस्टर तिला म्हणाल्या, "तुह्या आजोबाले कोनी नुसतं उभं राहून पाह्यलं नाही. तू होती त्याईच्यापाशी. तुह्या हातानं झाला तेवढा परयत्न झाला." पायल पुढच्या वर्गाला पुन्हा आली. आता ती इतरांना शिकवते. तिच्या हातांखाली माझं 'टक्' सगळ्यांत स्पष्ट येतं.

आज मी बाभुळगावकडच्या एका शाळेच्या ओट्यावर पडलो आहे आणि तुम्ही माझ्याभोवती गोल करून उभे आहात. तुमच्यातले लहान म्हणतील, आमच्यानं एवढं दाबलं जात नाही. हरकत नाही. तुम्ही हाक मारू शकता, मोठ्यांना बोलावू शकता, १०८ ला फोन करू शकता, आणि पाण्याचा तांब्या आणणाऱ्याला अडवू शकता.

म्हाताऱ्या वस्तू आपली गोष्ट संपवताना मुलांना सांगतात, की आम्हाला जपा, पुसा, नीट ठेवा. मी तसं सांगणार नाही. मला जपू नका. माझ्या अंगावर पिशवी घालू नका, हार घालू नका, आणि फोटोपुरते दोन बोटांनी शिवू नका. माझं नाक अजून झिजू द्या. स्प्रिंग तुटली तर तुटू द्या, भीमराजभाऊंच्या पेटीत दुसरी आहे. आणि ज्या कपाटात मी राहत होतो, त्यात यज्ञेश्वरकाकांनी आता झाडू ठेवले आहेत. कुलूप लावत नाहीत.

जपायचं ते माणसाला. गोल करून उभं राहू नका. तो गोल मोडा आणि आत या. समोर पडलेला तुमचा कोण लागतो, हे नंतर ठरवा.

चला, लाजता काय? गुडघे टेका. खांदे हलवा, हाक मारा. आता तळवे ठेवा, कोपरं ताठ, आणि दाबा. मी गप्प राहिलो तर रागावू नका. अजून खोल दाबा. मी खरा आवाज देईन.